चार नंबरच्या वर केलेल्या हाताबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
कर्मचारी कल्याण शाखा, पाणीपुरवठा विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : बचावपटू क्रमांक चार यास शनिवारच्या सामन्यातून न वगळणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ११.

महोदय,

उपरोक्त नोटिशीन्वये अर्जदारास, म्हणजे विभागाच्या हॉकी संघाच्या प्रशिक्षकास, विचारणा झाली आहे की, ज्याच्या एकट्याच्या चुकीने सतरा गोल झाले तो खेळाडू संघात का ठेवला. शुक्रवारपर्यंत त्यास न काढल्यास अर्जदारासच काढले जाईल, असेही कळविले आहे. नोटीस अर्जदाराच्या सौभाग्यवतींनीही वाचली. त्यांचे मत आपल्या बाजूने आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करण्यात येते.

१. सदर खेळाडू पंपहाउसमध्ये व्हॉल्व्ह फिरवतो. संघात त्याला 'खांब' म्हणतात. तो चपळ आहे असा अर्जदाराचा दावा नाही. वळायला त्याला टँकरइतकी जागा लागते, आणि तो वळेपर्यंत समोरचा गोल करून, टाळ्या घेऊन परतलेला असतो. सतरांपैकी सहा गोल निर्विवाद त्याचेच.

२. उरलेल्या अकरांबाबत निवेदन असे की, आपल्या परिपत्रकानुसार प्रत्येक गोलनंतर लिपिक मैदानात येऊन "चूक कोणाची?" असे विचारतात. 'दोषी खेळाडू' हा रकाना भरल्याशिवाय खेळ पुन्हा सुरू होत नाही. तेव्हा कोणी बुटाची नाडी बांधतो, कोणी आभाळ बघतो. खांब हात वर करतो. लिपिक खूश होतात.

३. गोल क्रमांक पाच गोलरक्षक पाणी पीत असताना झाला. हात खांबाचा. बाराव्याच्या वेळी तर खांब मैदानातच नव्हता. सुजलेल्या घोट्याला बर्फ लावून बाकावर बसला होता. त्याने तिथूनच हात वर केला. नोंद झाली, सही झाली, शिक्काही उमटला.

४. गोल क्रमांक नऊ. नव्या जाळीसोबत फोटो काढून घेण्यासाठी आपण सामना चालू असताना गोलसमोर उभे होता. चेंडू आपल्या उजव्या बुटाला लागून आत गेला. बुटाचा यात दोष आहे, असे अर्जदाराचे मुळीच म्हणणे नाही. मात्र लिपिकांनी विचारले तेव्हा आपणही आभाळच बघत होता.

५. गोल क्रमांक चौदा अर्जदाराचा. बदली खेळाडू पाठवायचे विसरल्याने संघ एक जण कमी घेऊन खेळत होता. अर्जदार बोलणार तेवढ्यात खांबाचा हात वर गेला, आणि अर्जदाराने उघडलेले तोंड मिटून घेतले. त्याची लाज आजही वाटते.

६. नोटिशीची बातमी कोणीतरी खांबाच्या कानावर घातली. आज सकाळी ड्युटी संपवून, तेलकट हातांनीच, तो राजीनामा घेऊन अर्जदाराच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "सर, तुमची जागा जातेय. माझंच चुकलं." अर्जदार ओरडला, "अरे बाबा, कधीतरी हात खाली ठेवायला शीक की!" त्यावर तो म्हणाला, "पण सर, कोणीतरी वर केल्याशिवाय खेळ सुरू कसा होणार?" सौभाग्यवतींनी त्याला चहा दिला. त्यांचे मत आता आपल्या बाजूने राहिलेले नाही.

सबब, शनिवारी खांब खेळेल. चुकेलही. अर्जदारास काढावयाचे असल्यास सामना संपल्यावर काढावे, ही विनंती.

आपला, नम्र पण ठाम,
(सही)
प्रशिक्षक, हॉकी संघ
दि. १४, गुरुवार

सोबत :
१. गोल-नोंदवहीची प्रत.
२. गोल क्रमांक नऊचा फोटो (बूट स्पष्ट दिसतो).
३. खांबाचा राजीनामा : जोडलेला नाही. अर्जदाराने फाडला. चूक कोणाची, असे लिपिकांनी विचारण्याची गरज नाही. हात वर आहे.