पाणसळ येईपर्यंत

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्वयंपाकघराच्या भिंतीतली भेग आता आरपार दिसते. इंजिनिअर येऊन गेले. टेकडीचा उतार सरकतोय की नुसता जुना गिलावा सुटतोय, हे सांगता येत नाही म्हणाले, पण घर सोडलेलं बरं. आईने त्यांना चहा पाजला आणि तुमच्या जन्माआधीपासून हे घर उभं आहे असं सुनावलं. मी बोललो की माझ्यावर उखडते. एवढंच कबूल केलंय, की घर कलतंय की नाही, ते ताईच्या कारखान्यातली पाणसळ सांगेल तसं ऐकीन.

पण बाईसाहेब, ती आहे कुठे? गवंड्याची पाणसळ बाजारात उभ्या उभ्या मिळते. तू काय चंद्र घडवते आहेस का? आईला या घरात ठेवून मला झोप लागत नाही गं. राग मानू नकोस, हात जरा भरभर चालव आणि लोभ आहे तो वाढव.

तुझा,
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गवंड्याची पाणसळ भिंतीपुरती. आमचीला टेकडीचं केसभर सरकणंही कळायला हवं. आम्ही एका वेळी सहाच करतो. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बैठका तयार होऊन आल्या की महिनोन् महिने अंगणात उन्हाथंडीत मुरत ठेवतो. आतला ताण सुटला नाही तर बैठक मागाहून स्वतःच वाकते आणि आळ तुझ्या घरावर येतो. बुडबुड्याच्या काचेच्या नळ्या आतून हाताने घासायच्या, त्यातल्या बऱ्याचशा फुकट जातात. मग तपासणी. माणसाच्या अंगाच्या उबेनेही बुडबुडा हलतो, म्हणून मी बाहेर बसून काचेतून बघते. तान्ह्या बाळाला निजवून दाराआड थांबावं तसं.

तिथे बसल्या बसल्या डोळा लागतो आणि आपलं घर दिसतं. आवाज न करता उतारावरून खाली चाललेलं, पडदे हलतायत, आई खिडकीत भाजी निवडतेय. खरं सांगू? उशीर होतोय याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पाणसळ पोचत नाही तोवर घर जागेवर आहे. पण भेग वाढली तर माझी वाट पाहू नकोस, आईला उचलून आण. तिला नमस्कार सांग, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाणसळ पोचली. मागच्या खोलीच्या फरशीवर तू सांगितलंस तशी झाकून बसवली. आठवड्यात बुडबुडा टेकडीच्या बाजूला रेघभर चढला तो परतलाच नाही. बुडबुडा उंच बाजूला जातो, म्हणजे घर दरीकडे कलतंय. माझ्याने सांगवेना. आईला म्हटलं, माझाच पाय लागला असेल.

तिने चष्मा लावला. पाणसळ खरी की खोटी हे बघायला तिची टोकं उलटी करून ठेवतात, खरी असेल तर बुडबुडा बाजू बदलत नाही, हे तुझं ऐकून ऐकून तिला पाठ आहे. तिने ती फिरवली, मला बाहेर काढलं, स्वतःही बाहेर थांबली. परत येऊन पाहिलं तर बुडबुडा टेकडीकडेच. ही ताईने स्वतः केलीय का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग तिने माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली. बाकी भेटीत. लोभ असू दे, आता त्याची गरज आहे.

तुझा,
धाकटा

५ जून

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. सामान थोडंच आहे. इंजिनिअरला उडवून लावलं, धाकट्याला गप्प केलं, तुला कशी गप्प करणार? काल रिकाम्या खोलीत बसून पोटभर रडले, आज बरं वाटतंय. तुझी जागा लहान आहे, लोभ मोठा ठेव.

तुझी,
आई

ता. क. इतके महिने तुझ्या उशिरावर सगळ्यात जास्त मीच कुरकुरले. आणखी थोडा केला असतास तरी चाललं असतं.