मधलं कोरं पान

सर, वॉटफर्डच्या तुमच्या किचनमधली ती किटली मी अजून विसरलेले नाही. नागपुरात हार्मोनियम शिकलेली मी, नवऱ्याच्या व्हिसावर इंग्लंडला आले आणि तुमची शेजारीण झाले. हॉलंडमध्ये तुमचं संगीत कुणी ऐकेना म्हणून तुम्ही इथे आलात. इथेही फारसं कुणी ऐकलं नाही. तुमचे हात थरथरायला लागल्यावर, तुम्ही पेन्सिलीने लिहिलेलं मी तुमच्याच टेबलाशी बसून कॉम्प्युटरवर उतरवायची. ते वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. मी पेटीवाली, दोन स्वरांत फट दिसली की भरणार. तुम्ही खेकसायचात, "घाई कसली आहे तुला? वेट!" मग किटली लावायची आणि ती उकळेपर्यंत मला गप्प बसवायचं. मी मनात म्हणायची, हा म्हातारा शिकवतोय की चहाची वाट बघतोय!

तुमची शेवटची रचना चार तंतुवाद्यांसाठी होती. तुम्ही हॉस्पिटलमध्ये, वादक कागदांसाठी खोळंबलेले. मी उतरवत बसलेय आणि मधलं एक पान कोरं निघतं. रेघा आखलेल्या, आत एकही स्वर नाही. वाटलं, इथे तुम्हाला सुचलं नसेल, किंवा हात चालला नसेल. विचारायला आले तर तुम्ही झोपेत होतात. चारचौघांत तुमची शोभा नको म्हणून मी ते पान वगळलं आणि पुढचं मागच्याला जोडून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! चार दिवसांनी तुम्ही गेलात.

चर्चमधल्या कार्यक्रमात ती रचना वाजवून झाल्यावर चेलो वाजवणारी बाई माझ्याजवळ आली. "मध्ये एक अख्खं पान आम्ही चौघांनी गज हातात धरून नुसतं थांबायचं, असं ते मला फोनवर म्हणाले होते. व्हेअर डिड इट गो?" मी म्हटलं, "ही चेंज्ड हिज माइंड." इतकं सहज म्हटलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. तोवर तुमच्या पुतण्याने घर रिकामं केलं होतं, टेबलावरचे मूळ कागद कचऱ्याच्या स्किपमध्ये गेले होते. आता कुणी वाजवलंच तर माझंच वाजवणार. किती थांबायचं होतं, हे सांगणारं कुणी उरलं नाही. आज त्या कार्यक्रमाची जुनी सीडी काढली, मी जोडलेल्या जागी थांबवली, किटली लावली आणि मोजायला बसले. पण ही किटली नवी आहे, दोन मिनिटांत उकळते.

तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून तर हे मराठीत लिहायचा धीर झाला. तरी एक राहिलंच. ते कोरं पान बघून मला तुमची कीव आली होती, सर.