जामीनदाराचं नाव

धुळे, माघ वद्य पंचमी

चोपड्यास, हिलालच्या आबांना रुक्माबाईचा नमस्कार.

मी लेकीकडे सुखरूप आहे. म्हशीला वेळेवर पाणी दाखवता ना? स्वतः जेवता ना?

हे पत्र आपली नात प्रमिला लिहिते आहे. ती वकिलीचं शिकते, म्हणून तुरुंगांवरची पुस्तकं आणते आणि दुपारी मला वाचून दाखवते. त्यांत लिहिलंय, आत बसलेल्या कितीकांना अजून शिक्षा झालेलीच नसते. काहींना जामीनही मिळालेला असतो, पण जामीनदार व्हायला घरचं कोणी येत नाही. मी विचारलं, "हा लिहिणारा आपल्या घरी कधी जेवून गेला गं?"

तुम्ही म्हणता, हिलालने मारामारी केली, भोगू दे तुरुंग. केली की नाही, हे कोर्टाने अजून ठरवलेलं नाही. तुमचा निकाल मात्र लागला.

भेटीला गेले तर हिलाल जाळीपलीकडून म्हणाला, "बठ्ठं बरं शे, आजी. आबा येनात का?" तुम्ही आला नव्हतात. सगळं बरं म्हणतो, पण थोडा वाळला आहे.

काल वकिलाने जामीनदाराचं नाव विचारलं. जमीन तुमच्या नावावर, माझ्याकडे तिची नुसती निंदणी. लग्नापासून तुमचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. काल कोर्टाच्या आवारात सरळ 'पितांबर' म्हटलं. वकिलाला कमी ऐकू येतं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं.

सोमवारी ते नाव पुकारतील. सातबारा घेऊन पहिल्या एस.टी.ने या. नाही आलात तर लोक म्हणतील, म्हातारीने भलत्याच माणसाचं नाव घेतलं.

तुमची,
रुक्माबाई