दोन राजे आणि एक प्यादं

ता. ६ जानेवारी

चि. भावोजींस, अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नका, तुमच्या दादांची तब्येत आहे तशीच आहे. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुखणं आत पसरलंय, उन्हाळा निघेल असं धरून चालू नका. मी यांना सांगितलेलं नाही. पण यांना कळलं नसेल असं मानायला मी काही खुळी नाही.

कारखान्यातले ते फिटर रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला यायचे ना, त्यांचं येणं आधी कमी झालं, मग बंदच पडलं. समोरचा माणूस बोलत नाही म्हटल्यावर त्यांना अवघडल्यासारखं होत असेल. आता हे एकटेच आपल्या हातांनी घडवलेल्या पितळी नि लोखंडी सोंगट्यांचा पट मांडतात. पितळी बाजूने एक चाल करतात, उठतात, टेबलाला वळसा घालून लोखंडी बाजूला बसतात आणि तिथून दुसरी चाल करतात. शिवणयंत्रावरून हे बघताना माझी टीप वाकडी जाते हो.

जन्मभर मी त्या पटाला सवत म्हणत आले. आता सवतीशी गट्टी करायची म्हणते. तुम्ही जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसता. ज्या बाईला ओ की ठो कळत नाही तिलाही समजेल असं एखादं पुस्तक निवडून धाडा. यांना पत्ता लागू द्यायचा नाही. मला त्या समोरच्या खुर्चीत बसायचंय, आणि वेळ थोडा आहे.

तुम्ही स्वतः कधी येताय? लोभ आहेच, तो जरा पायांनाही कळू द्या.

तुमची,
वहिनी

ता. १४ जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

सवतीचं वाचून आधी मोठ्याने हसलो, मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन जरा बसून राहिलो.

नवशिक्यांच्या पुस्तकांचं आमच्याकडे अख्खं कपाट आहे. मालकांचा सल्ला घेऊन त्यातलं सगळ्यात जाडजूड, रंगीत आकृत्यांचं पाठवतोय. डावाची सुरुवात किती तऱ्हांनी करता येते ते सगळं त्यात आहे. दुकानात सध्या मालाची मोजणी चालू आहे, रजा मिळणं कठीण. संपली की बघतो.

दादाला नमस्कार. लोभ कमी करू नये.

तुझा,
धाकटा

ता. २५ जानेवारी

चि. भावोजींस, अनेक आशीर्वाद.

तुमचं पुस्तक उशीला बरं आहे, म्हणून परत पाठवतेय. अहो, पहिल्या आठ-दहा चालींसाठी चारशे पानं! बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या एकदम अंगावर आल्या. त्यात पुस्तकातले घोडे आयाळ उडवणारे, आणि आपल्याकडचे घोडे म्हणजे बोल्टवर चढवलेले नट. यांनी बाकी सगळं लेथवर झकास केलं, घोड्यांनी मात्र हात टेकायला लावले होते, आठवतंय ना?

शिवण शिकायला आलेल्या पोरीला मी पहिल्या दिवशी कोट बेतायला देत नाही, बटण लावायला देते. तुम्ही कसे शिकलात? मालकांना विचारू नका, स्वतःला विचारा. आणि ती मोजणी आहे की समुद्राच्या लाटा मोजताय?

रागावले तरी लोभ तोच.

वहिनी

ता. २ फेब्रुवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

कानउघाडणी पोचली. मी पुस्तकावरून शिकलोच नाही गं, दादाने शिकवलं. भरलेला पट त्याने मला दाखवलाच नव्हता. दोन राजे नि एक प्यादं ठेवलं, बाकी सगळं डब्यात. म्हणाला होता, आधी शेवट शिक, म्हणजे भरल्या पटाची भीती वाटणार नाही.

आणि अगदी तसंच शिकवणारं एक पुस्तक माझ्या डोक्यामागच्या फळीवरच होतं. काखेत कळसा! लाल पुठ्ठ्याचं आहे, पाठ उसवलीय, पण आजोबांपासून नातवंडांपर्यंत लोक त्यावर शिकलेत. पहिला धडा असा: दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर मोकळं. राजाने राजाला खेटून उभं राहायचं नाही, म्हणून पुढे कुणालाच येता येत नाही. मग ज्याची चाल असेल त्याला हटावं लागतं, आणि समोरच्याच्या प्याद्याला वजीर व्हायची वाट मोकळी होते. एवढं नीट घोट, बाकीचं मागून येईल.

मोजणी केव्हाच संपली, वहिनी. मला धीर होत नाही. हरायला लागला की दादा इतकी बडबड करायचा की मला माझी चाल सुचायची नाही. त्या घरात शिरायचं आणि तो गप्प, हे माझ्याच्याने सोसवणार नाही. माझ्यावर माया ठेव.

धाकटा

ता. ११ मार्च

चि. भावोजींस, अनेक आशीर्वाद.

आमचं पितळ उघडं पडलं! लाल पुस्तकातल्या सगळ्या आकृत्यांत पांढरे खाली आणि काळे वर. त्यामुळे मला एकाच बाजूने खेळता यायचं. दुसरी बाजू जमावी म्हणून पुस्तक उलटं धरून बसले होते, तर हे मागे येऊन उभे. पाटीवर लिहून विचारलं की उलट्या अक्षरांची शाळा कधी काढलीस. मग पहिलं पान पाहिलं आणि इतके हसले! आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. हे धाकट्याचं काम का, असं विचारलं. मी मान डोलावली, तर ती पाटी त्यांनी संध्याकाळपर्यंत पुसली नाही.

आता रोज दुपारी खेळतो. मी रोज हरते. चुकीच्या सोंगटीला हात घातला की टेबलावर बोटांनी टकटक करतात आणि भंडावून सोडतात. बडबड गेलेली नाही हो, घशातून बोटांत उतरलीय. तुम्ही का येत नाही तेही मी सांगितलं. त्यावर लिहिलं की तेव्हा त्याला माझं बोलणं सोसत नव्हतं, आता न बोलणं सोसत नाही, गरीब बिचारा.

बसवत नाही त्यांना फार, उशा लावाव्या लागतात. या हो. पदर पसरते.

वहिनी

ता. ९ एप्रिल

चि. भावोजींस, आशीर्वाद.

तुम्ही पोचलात तेव्हा यांचे डोळे मिटलेले होते. मी दोष देत नाही, तुम्हीही स्वतःला देऊ नका. पण त्या दोन दिवसांत तुम्ही शिवणाच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत, म्हणून तिथे काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.

आदल्या दुपारचा डाव लांबत गेला. एकेक सोंगटी डब्यात गेली आणि उरलं काय, तर दोन राजे नि माझं एक प्यादं. पुस्तकाचं पहिलं पानच. मध्ये एक घर, आणि चाल यांची. माझ्या ध्यानातच आलं नाही. यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं. मी जिंकत होते! इतके खूश झाले की पाटी मागून घेतली आणि पोरगी तयार झाली असं लिहिलं. राजावर बोट ठेवलं, पण हलवला नाही. दमलोय, उद्या, असं हाताने सांगितलं. सकाळी मी हाक मारली तर उठले नाहीत.

पट तसाच आहे. गिऱ्हाइकांचे कपडे मी जमिनीवर बेततेय. सगळे म्हणतात आवरून ठेव, मला आवरवत नाही. जिंकायची हौस नाही हो मला. पण डाव असा लोंबकळत ठेवणं त्यांना कधी आवडलं नाही, आणि त्यांची चाल मी कशी करू? मी समोरची. त्यांच्या बाजूने बसेल असं आता तुमच्याशिवाय कुणी नाही.

वहिनी

ता. १६ एप्रिल

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं. मालकांनी शटर अर्धं खाली ओढलं.

रविवारी सकाळी येतोय. पटाला हात लावू नकोस. दादाच्या खुर्चीत बसेन आणि त्याचा राजा एक घर बाजूला घेईन. तू रडशील, मीही रडेन, पण मी हटलो की तू थांबायचं नाहीस. प्यादं पुढे घ्यायचं. थांबलीस तर टेबलावर टकटक करीन.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा