काळगोटा टेकडीवरील माणसे तपासून मिळणेबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी साहेब,
पोलीस बिनतारी कर्मचारी आरोग्य पाहणी,
मुक्काम नांदेड.

अर्जदार : पंढरी किशन गजभारे, वय ४६, धंदा शिवणकाम, राहणार मौजे काळगोटा, रेणापूरच्या पुढे, जिल्हा लातूर.

विषय : काळगोटा टेकडीवरील वायरलेस केंद्रात बसणाऱ्या माणसांची (सेटची नव्हे) डॉक्टरांकडून तपासणी होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मार्च १९८७ चा अर्ज.
२) त्यावर आलेले उत्तर : "संच तपासला. संच तंदुरुस्त आहे."
३) अर्जदाराचा एप्रिलचा दुसरा अर्ज. त्याला लेखी उत्तर नाही, नवीन सेट आला.

महोदय,

१. यंदा माघात एके दिवशी दुपारी अर्जदार टेकडीखालच्या आपल्या दुकानात मशीनवर बसला होता. त्याला हवालदार शेषेराव टेकडी उतरताना दिसले. डोक्यावर टोपी नव्हती, आणि पायवाट सोडून ते सरळ दगडांतून उतरत होते. साहेबांना यात विशेष काही वाटणार नाही. पण काळगोट्यावर ड्यूटीवरचा माणूस बदली आल्याशिवाय सेट सोडत नाही. शेषेरावांच्या स्वतःच्या पोराचा हात मोडला तेव्हाही ते खुर्चीवरून हलले नव्हते, खिडकीतूनच ओरडून खाली काय करायचे ते सांगत होते. म्हणून माणूस सेट सोडून खाली येतोय याचा अर्थ ते दुकानाशी पोचण्याआधीच अर्जदाराला कळला. त्याने मशीनचे चाक हाताने थांबवले. शेषेराव दारात येऊन उभे राहिले. रोज नांदेडचा निरोप लातूरला आणि लातूरचा नांदेडला खणखणीत सांगणाऱ्या या माणसाला एक वाक्य सांगता येईना. शेवटी म्हणाले, "पंढरीभाऊ, नांदेडहून आलाय. दवाखान्यातून. मीच घेतला." एवढे बोलून ते तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. वर सेट किती वेळ एकटाच बोलत राहिला, ते माहीत नाही.

२. तो निरोप अर्जदाराची पत्नी वारल्याचा होता. कालकथित चांगुणा पंढरी गजभारे, वायरलेस ऑपरेटर, माहेर भोकर. त्यांच्या घराण्यात मॅट्रिक झालेली ती पहिली बाई. नोकरीची पहिली सहा वर्षे तिने नांदेडला काढली. लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिची बदली काळगोट्यावर झाली, आणि अर्जदार आपले मशीन बैलगाडीत घालून तिच्या मागे आला. जिल्हा नवा झाला होता, पण लातूरचा आवाज नांदेडला नीट पोचत नव्हता. म्हणून मधल्या या टेकडीवर केंद्र काढले. इकडचे ऐकायचे आणि तिकडे सांगायचे, एवढेच इथले काम.

सेट एका खोलीत आणि माणूस दुसऱ्या खोलीत, असे त्या वेळी ठरले होते. पहिली खोली बांधून झाली. दुसरीचा पाया खणला आणि दुष्काळ पडला. बांधकामाला पाणी मिळेना, गवंडी खडी फोडायच्या कामावर गेले. त्या पायाच्या चरात आता गावच्या शेळ्यामेंढ्या बसतात. म्हणून सेट आणि माणूस एकाच खोलीत, सेट गुडघ्याला लागून, आणि एरियलचा खांब बरोबर खुर्चीवरच्या छतावर. ही व्यवस्था तात्पुरती आहे असे तेव्हा सांगण्यात आले. ती आजही तात्पुरतीच आहे.

३. सेट बसवायला आलेल्या माणसाने बजावले होते की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू देऊ नका, मीठ टाका, पाणी टाका. सेटची तार जमिनीत जिथे उतरते तो हा खड्डा. खाली काळी माती असती तर ओल टिकली असती. काळगोटा नुसता दगड आहे. दुष्काळात खड्डा वाळला, आणि सेट चावू लागला. साहेब, हा शब्द तिथल्या सगळ्यांचा आहे. पत्र्याला हात लागला की मुंग्या येत. बोलताना माईक ओठाला टेकला की चटका बसे. हँडसेट कानाला लावून फार वेळ बसले की कानाची पाळी गरम होई. चांगुणा उजव्या हाताने निरोप लिहून घेई, म्हणून हँडसेट कायम डाव्या कानाला.

दुष्काळात निरोप वाढले. कुठला टँकर निघाला, कुठे विहिरीवर मारामारी झाली, कुठे बंदोबस्त पाहिजे, सगळे काळगोट्यावरून जाई. ती ड्यूटीवर जाताना घरच्या वाट्याच्या पाण्यातली एक कळशी डोक्यावर घेऊन टेकडी चढे आणि खड्ड्यात ओती. पोलीस वसाहतीतल्या गुरम्मा, त्यांचे मालक टेकडीवर पहाऱ्याला आहेत, त्या टँकरच्या रांगेत तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अय्यो चांगुणाबाई, माणसाला प्यायला न्हाई आन् तुमी दगडाला पाणी पाजून राहिल्या! वर काय महादेव बसलाय का?" चांगुणा म्हणाली, "महादेव असता तर बरं झालं असतं अक्का. त्याला बेल वाहिला तरी चालतंय. ह्यो उपाशी ठेवला की चावतोय." रांग हसली. गुरम्माही हसल्या. चांगुणाला तशी बोलायची सवय होती.

४. चटक्याचे तिने दोन वेळा लेखी कळवले. उत्तर येईपर्यंत काहीतरी करायला पाहिजे म्हणून शेषेरावांनी अर्जदाराला सांगितले की हँडसेटला एक कापडी खोळ शिवून द्या. अर्जदाराने खाकी कापडाच्या उरलेल्या तुकड्यांची दुहेरी खोळ शिवली. मुंग्या कमी झाल्या. पाहणीला आलेल्या साहेबांना ती एवढी आवडली की आणखी दोन केंद्रांसाठी खोळी शिवून नेल्या. मुंग्या कमी झाल्या म्हणून विषय संपला असे सगळ्यांनी धरले. हातातून चावणे थांबले तर ते आणखी कुठून आत जाते का, हे कोणी विचारले नाही. विचारायचे असते हेच कोणाला ठाऊक नव्हते.

मागच्या वर्षी ती म्हणू लागली की घरी आले तरी डाव्या कानात सेट चालूच असतो. आषाढात कानाखाली गाठ दिसली, हरभऱ्याएवढी. खाकी पोलक्याची कॉलर तिला घासू लागली. अर्जदाराने डावी बाजू उसवून ढिली केली. गणपतीच्या दिवसांत पुन्हा ढिली केली. दिवाळीत त्या बाजूची कॉलर काढूनच टाकली. वरच्या साहेबांनी गणवेश नियमात नाही म्हणून तिला विचारले. तिने गाठ दाखवली, तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि रजा मंजूर केली.

५. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे विचारले. तंबाखू खाता का, घरात आधी कोणाला अशी गाठ होती का, काम काय करता. वायरलेस म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले आणि कोणत्या कानाला, असे विचारले. अर्जदाराने त्यांना एकटे गाठून विचारले की हे सेटमुळे झाले का. ते म्हणाले, "गजभारे, छातीवर हात ठेवून मी हो म्हणू शकत नाही, आणि नाहीही म्हणू शकत नाही. यावर कोणी नीट बघितलेलंच नाही. पण तिथं बसणाऱ्या प्रत्येकाला एकदा डॉक्टरनं बघायला पाहिजे. आज बघायचं, आणि दरवर्षी बघत राहायचं. तेव्हा कुठं काही सांगता येईल." अर्जदार सातवी शिकलेला आहे. त्याला यातले एवढेच समजले की ज्या गोष्टीला वर्षे लागतात, ती लवकर सुरू करावी लागते.

६. म्हणून दिवसकार्य झाल्यावर अर्जदाराने पहिला अर्ज दिला. त्यात लिहिले होते की टेकडीवरील सर्वांची तपासणी व्हावी. दहा-बारा दिवसांनी जीपमधून तिघे आले. अर्जदाराला वाटले डॉक्टर आले. त्याने शेषेरावांना हातपाय धुऊन तयार राहायला सांगितले. त्या तिघांनी सेटची मागची बाजू उघडली, ब्रशने धूळ काढली, सुया लावून मोजले, खांब हलवून पाहिला, आणि भिंतीवर कागद लावला की संच तंदुरुस्त आहे. शेषेराव शेजारी बाही वर करून उभेच होते. अर्जदार म्हणाला, आता यांनाही बघा. त्यातला एक हसून म्हणाला, "मामा, आमच्याकडं माणसाचं काम न्हाई. माणूस बिघडला तर दवाखाना, सेट बिघडला तर आम्ही."

७. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने ठळक लिहिले की तक्रार सेटच्या तब्येतीची नाही. त्याचा अर्थ असा घेण्यात आला की जुन्या सेटबद्दल तक्रार आहे. जुना सेट नेला आणि नवा आणला. तो आधीच्यापेक्षा जोरकस आहे. नांदेडचा माणूस शेजारी बसून बोलतोय असे ऐकू येते. तो जोर कुठून कुठे जातो, हे अर्जदाराने विचारले, तर जोर आहे म्हणूनच तर काम चांगले होते, असे सांगण्यात आले.

यासोबतच अर्थिंगच्या खड्ड्याला टँकरमधून पाण्याचा वाटा मंजूर झाला. आता टँकर आला की आधी खड्ड्याचे पाणी वर जाते, मग वसाहतीची रांग लागते. वसाहतीला कमी पडले तरी खड्ड्याला कमी पडू नये असा हुकूम आहे. गुरम्मा म्हणतात, "दगडाचं रेशन कार्ड निघालं भाऊ, आमचं अजून तलाठ्याकडंच हाय." चांगुणा ऐकायला असती तर तिने यावर उत्तर दिले असते.

८. आपण ही आरोग्य पाहणी सुरू केली असे शेषेरावांकडून कळल्यावर अर्जदार आपल्या कचेरीत येऊन गेला. तिथे बाबूंनी नियम वाचून दाखवले. कर्मचारी कायम सेवेत पाहिजे, त्याने स्वतः लेखी तक्रार दिलेली पाहिजे, आणि तपासणीला समक्ष हजर राहिले पाहिजे. अर्जदाराने परतीच्या एसटीत यावर विचार केला. शेषेराव कायम आहेत, हजर राहू शकतात. त्यांचे डोके रोज दुखते आणि चहाचा कप धरताना हात हलतो. पण ते तक्रार लिहून देत नाहीत. म्हणतात, "लिहून दिलं की अनफिट करतील. मग वसाहतीतली खोली गेली. डोक्यातलं डोक्यातच राहू द्या." चांगुणा कायम होती, तिची तक्रार लेखी आहे, पण ती हजर राहू शकत नाही. तिच्या जागी आलेली ऑपरेटर रुद्राणी तक्रार लिहून द्यायला तयार आहे, हजर राहायला तयार आहे, पण ती अजून उमेदवारीत आहे, कायम नाही. या तिघांचा मिळून एक माणूस केला असता, तर तो आपल्या नियमात बसला असता.

९. रुद्राणी ही गुरम्मांची सून. वय बावीस. तिनेच मागच्या आठवड्यात अर्जदाराच्या दुकानात येऊन सहज म्हटल्यासारखे सांगितले की तिने हँडसेट उजव्या कानाला धरायला सुरुवात केली आहे, कारण डाव्यात घुमते. आणि डाव्या हाताने लिहायची सवय करते आहे. हे ती हसत सांगत होती. तिच्या मागोमाग गुरम्मा आल्या. त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं गेलं ते गेलं. माझी लेक बसून राहिली तिथं. तुमाला लिहिता येतंय. लिहा." हा तिसरा अर्ज त्यासाठी आहे.

१०. साहेबांनी गैरसमज करून घेऊ नये. सेटने चांगुणाला मारले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. त्याला ते माहीत नाही. आपल्यालाही माहीत नाही. अर्जदाराला भरपाई नको, कोणाला शिक्षा नको. वायरलेस बंद करा असेही तो म्हणत नाही. दुष्काळात याच टेकडीवरून निरोप गेले म्हणून कित्येक गावांना पाणी पोचले, आणि चांगुणाला त्याचा अभिमान होता. मागणे एवढेच, की एक डॉक्टर काळगोट्यावर यावा. त्याने रुद्राणीला आणि शेषेरावांना बघावे, काय दिसले ते लिहून ठेवावे, पुढच्या वर्षी पुन्हा यावे, आणि तपासणी झाली म्हणून कोणाची नोकरी किंवा खोली जाऊ नये. चांगुणाचे दवाखान्याचे कागद अर्जदार द्यायला तयार आहे. नियमात ती बसत नसेल तर नियमाबाहेर ठेवा, पण मोजणीत धरा. आणि दुसऱ्या खोलीचा पाया अजून शाबूत आहे. त्यावर भिंती उभ्या राहिल्या तर माणसाला सेटपासून निदान भिंतीएवढे लांब बसता येईल.

रुद्राणीची ड्यूटी रोजच्यासारखी चालू आहे. हा अर्ज लिहीपर्यंत टेकडीवरच्या एकाही माणसाला डॉक्टरांनी पाहिलेले नाही.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,

पंढरी किशन गजभारे
(सही)

मौजे काळगोटा
दिनांक २१ मे १९८७

सोबत :
१) पहिल्या व दुसऱ्या अर्जाच्या नकला.
२) चांगुणा गजभारे यांच्या दोन लेखी तक्रारींच्या नकला.
३) नांदेड येथील दवाखान्याचे कागद.
४) जुना संच तंदुरुस्त असल्याचा दाखला.
५) नवा संच तंदुरुस्त असल्याचा दाखला.
६) माणसे तपासल्याचा कागद : झालेला नाही, म्हणून जोडलेला नाही.