उजव्या गुडघ्याचं बँडेज

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असा एक जिना मी चढलेलो नाही. पण लिहायला बसावं असं कधी वाटलं नव्हतं. आज बसलोय ते प्रेमानं नाही, हे आधीच सांगतो. गेला महिनाभर मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतोय. इथे जपानात, तोयोसुच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना भांडतोय, इचिकावाला घरी परत येताना गाडीत उभ्याउभ्या भांडतोय. बायको म्हणाली, "ओठ हलतायत तुमचे, लोक बघतात." म्हटलं बघू देत. समोरचा माणूस मेलेला असला की भांडण संपतच नाही, कारण तो ऐकूनही घेत नाही आणि उलट उत्तरही देत नाही.

तुमची ती पद्धत आठवते ना? पावसाळा सरत आला आणि आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने महिन्यावर आले की जिमखान्याच्या फळ्यावर तुम्ही स्वतःच्या हातानं लिहायचात, 'यंदाचा बचाव'. चढाईचं एक अक्षर नाही. चढाई काय, कोणीही करतो, सामना बचाव जिंकतो, हे तुमचं ठरलेलं वाक्य. नावं कधीच लिहायची नाहीत, फक्त जागा. माझ्या शेवटच्या वर्षी तुम्ही लिहिलंत: 'उजवा कोपरा भक्कम. मधली साखळी नवी, पण हात सोडत नाही. डावा कोपरा आहे तोवर आपल्याला कोणी हलवत नाही.' डावा कोपरा मी होतो. खडू पुसट होईपर्यंत ती ओळ मी रोज वाचायला जायचो. पाणी प्यायचं निमित्त करायचो आणि वाचून यायचो. एकोणीस वर्षांच्या पोराला अशी ओळ लिहून दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणंच की हो. ते तुम्हाला कळत नव्हतं असं मी मानत नाही. तुम्हाला माणसं कळत होती, म्हणून तर राग येतो.

त्याच आठवड्यात सरावात माझ्या डाव्या गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. संध्याकाळी तुम्ही सगळ्या संघाला घरी जेवायला घेऊन गेलात. काकू चुलीपुढे भाकऱ्या थापतायत, आम्ही सातजण भिंतीला टेकून बसलोय, पिठल्याचा वास सुटलाय. तुम्ही आतल्या खोलीतून क्रेप बँडेज घेऊन आलात, माझ्यापुढे पाट ओढून बसलात आणि बांधायला लागलात. उजव्या गुडघ्याला. काकूंचं लक्ष होतं. त्या म्हणाल्या, "अहो, तो नव्हे, दुसरा. पोरगं डावा धरून आत आलं." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू भाकऱ्या बघ. समोरचा चढाईला आला की कुठं बघतो? बांधलेल्या गुडघ्याकडं. तिकडंच धावू दे त्याला. तिथं ह्याचा धडधाकट पाय आहे, आपसूक सापडतोय." पोरं हसली. मीही हसलो. काकू भाकरी उलटत म्हणाल्या, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" त्या घरात खरं बोललेलं तेवढं एकच माणूस, आणि तिला तुम्ही भाकऱ्या बघायला लावलंत.

मग तुम्ही मला लंगडायला शिकवलंत. हसू नका, शिकवलंत! मैदानावर, कॉलेजात, बाजारात, कुठेही चाललो तरी उजवा पाय ओढत चालायचं, कारण गावात दुसऱ्या कॉलेजची पोरं बघत असतात. दुखत होता डावा आणि लंगडत होतो उजव्यानं, म्हणजे सगळा भार त्या दुखऱ्यावरच. घरी आईलाही सांगायचं नाही, हा तुमचा हुकूम. ती बिचारी रोज निर्गुडीचा पाला वाफवून माझ्या उजव्या गुडघ्याला बांधायची. तीन आठवडे तिनं माझ्या चांगल्या गुडघ्याची सेवा केली. मी डोळे मिटून "बरं वाटतंय" म्हणायचो. ती गेली तेव्हाही तिला ठाऊक नव्हतं की तिनं भलताच पाय शेकला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी तुम्हाला ते परत ऐकवणार आहे. पहिलाच सामना. त्यांचा चढाईपटू तुमच्या हिशोबाप्रमाणे बरोबर माझ्या उजव्या पायाकडे आला, मी खाली बसून त्याचा घोटा धरला, आणि आपली साखळी धावून अंगावर पडली. सगळं वजन डाव्या, उघड्या, काही न बांधलेल्या गुडघ्यावर. तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझे हात सुटले, तो रेषेला हात लावून गेला. तुम्ही मैदानात आलात. मला वाटलं, पाय बघायला आलात. तुम्ही म्हणालात, "पडलास ते पडलास, पकड का सोडलीस?" सर, एवढ्या वर्षांत मला बॉसनी, ग्राहकांनी, पोलिसांनीसुद्धा झापलंय. पण मनात रुतून बसलेलं वाक्य तेवढं एकच. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी गावी आलो नाही. प्रवास झेपणार नाही, गुडघा धरलाय, असं कळवलं. गुडघा त्या दिवशी अगदी ठीक होता.

खेळ सुटला, मग कॉम्प्युटरकडे वळलो. सन दोन हजारच्या आसपास कंपन्या माणसं भरभरून इकडे पाठवत होत्या, त्यात बायको आणि पहिलीतली मुलगी घेऊन मीही आलो. इथे शनिवारी-रविवारी चार मराठी घरं जमायची आणि जेवणं झाली की मी गोष्ट सांगायचो. उजव्या गुडघ्याच्या बँडेजची गोष्ट. रंगवून सांगायचो. तुमचा आवाज काढायचो, काकूंची म्हण टाकायचो, उठून लंगडून दाखवायचो. शेवट मात्र मी बदलला होता. माझ्या गोष्टीत तो चढाईपटू फसतो, मी त्याला धरतो, सामना आपण जिंकतो, आणि मी सगळ्यांसमोर बँडेज सोडून टाकतो. टाळ्या पडायच्या. मग हा गुडघा कशानं गेला, असं कोणी विचारलं तर सांगायचो, स्कूटरवरून पडलो. मुलगी दर वेळी म्हणायची, "बाबा, ते लंगडायचं परत कर ना!" आणि मी करायचो.

ती आता क्योतोला शिकते. तिथे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात आहे. इकडे त्याला अमेफुतो म्हणतात. खेळायला नाही, ट्रेनर म्हणून. म्हणजे पोरांना टेप बांधायचं, बर्फ लावायचा, पाणी द्यायचं. हे कामही विद्यार्थीच करतात. उन्हाळ्यात, सीझनच्या आधी, त्यांचा क्लब एक पत्रक छापतो. त्यात यंदाचा डिफेन्स कसा आहे याचं एक पान असतं, प्रशिक्षकानं लिहिलेलं. तिनं ते मला फोनवर मराठी करत वाचून दाखवलं होतं. पुढची फळी वजनदार, मागची फळी नवखी, आणि दोन्ही फळ्यांच्या मधला बचावपटू, लाइनबॅकर म्हणतात त्याला, तो चौथ्या वर्षाचा, म्हणजे त्याचं शेवटचंच वर्ष. 'त्याच्या उजव्या गुडघ्याची काळजी घेतली जात आहे. तो उभा असेल तर यंदाचा डिफेन्स उभा आहे.' मी फोनवर म्हणालो, "अगं, आमचे सर असंच लिहायचे!" केवढा खूश झालो होतो मी. ती नुसती हसली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. रडताना तिची भाषा जपानी होते, मला अर्धं कळेना. मग म्हणाली, "बाबा, मी राइट नीला टेप केलं होतं. तुझ्या सरांसारखं. त्याचा लेफ्ट दुखत होता." सरावाच्या सामन्यांना दुसऱ्या कॉलेजांची पोरं कॅमेरे घेऊन उघड येऊन बसतात. ती पोरं बघणार म्हणून हिनं आणि त्या लाइनबॅकरनं आपसात ठरवलं, प्रशिक्षकालाही सांगितलं नाही. जाडजूड टेप उजव्याला, डावा तसाच. क्लबचा डॉक्टर आला, त्यानं उजवा गुडघा दाबून, वाकवून बघितला आणि म्हणाला, काही नाही, थोडा ताण आहे, खेळू दे. प्रशिक्षकानं पत्रकात लिहिलं तेही उजवाच. आणि त्या रविवारी दोन धिप्पाड पोरं त्याच्या डाव्या पायावर पडली.

मी शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं गेलो. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्या मुलाची आई उभी होती. डॉक्टर म्हणाले होते, हा सीझन विसरा, पुढचं पुढे बघू. ती बाई कमरेत वाकून माझ्या मुलीचे आभार मानत होती, आमच्या मुलाची एवढी काळजी घेतलीत म्हणून! मग हळूच म्हणाली, "पण तो तर उजवा म्हणत होता. मी त्यासाठी औषधाच्या पट्ट्या पाठवत होते." सर, मला माझी आई दिसली. निर्गुडीचा पाला दिसला. त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी वय बघितलं नसतं, नातं बघितलं नसतं. माझी मुलगी तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसली, कपाळ फरशीला लावलं, आणि सगळं सांगितलं. कोणता पाय, कोणी बांधलं, कोणाची कल्पना. 'माझी कल्पना' म्हणाली. माझं नाव घेतलं नाही, तुमचं तर ठाऊकही नाही तिला. मी मागे उभा होतो. ती बाई मान खाली घालून मुलाच्या खोलीत गेली.

बाहेर बसस्टॉपवर आम्ही दोघं बसलो. तिथे मी तिला खरी गोष्ट सांगितली. सामना हरलो ते, साखळी अंगावर पडली ते, स्कूटर नव्हतीच ते. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग इतकी वर्षं तू ते हसत का सांगत होतास?" मी तुमच्यावर घसरलो. तुम्हाला फळ्यावरचं नाव हवं होतं, पोरांचे गुडघे म्हणजे तुम्हाला खडूचे तुकडे, असलं काय काय बोललो. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली.

मग ती म्हणाली, "मी त्याला विचारलं होतं बाबा, दुखतंय का म्हणून. तीनदा विचारलं. तो दर वेळी दाईजोबु म्हणाला, ठीक आहे, काही नाही. पण माझ्या हातात टेप होता ना. तो दुसरं काय म्हणणार?" थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुझ्या सरांनी तुला विचारलं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

मग ती म्हणाली, "म्हणजे मी त्यांच्यापेक्षा थोडी तरी बरी." आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिनं डोळे पुसले आणि माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून प्यायली. दुसऱ्या दिवशी ती एकटी प्रशिक्षकाकडे गेली. त्यांनी तिला काढलं नाही. त्या मुलाच्या व्यायामाचं काम वर्षभर तिच्याकडेच दिलंय.

तर सर, हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीच. घरी ठेवलं तर कधीतरी तिच्या हाताला लागेल. तिला मराठी अक्षरं लावत लावत वाचता येतं. म्हणून लिहून झालं की फाडणार आहे, आणि इथल्या शिस्तीप्रमाणे कागदाच्या कचऱ्यात टाकणार आहे. त्याआधी एवढं लिहितो. तुम्ही विचारलं होतंत. त्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात, बँडेजचा पहिला वेढा घेण्याआधी, हात थांबवून तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "दुखतंय का रे? खरं सांग. दुखत असेल तर यंदा बसवतो तुला." सगळ्या संघासमोर विचारलंत, हातात बँडेज धरून विचारलंत, त्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. पण विचारलंत. आणि मी म्हणालो, "नाही सर, काही नाही." तुमच्या बाजूनं बोलणारं तेवढं एकच होतं. ते मी त्या बसस्टॉपवर तुमच्याकडून काढून घेतलं आणि माझ्या मुलीला दिलं. ते मी परत करणार नाही.