सवतीच्या गावचं हवामान

शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०१३
अल हैल, मस्कत

पोचले बाई एकदाची! विमानतळावरच्या माणसानं बॅग उघडून माझा चटणीचा डबा हुंगला आणि त्याला अशा शिंका सुटल्या की बाकीचं सामान न बघताच त्यानं मला जा म्हणून हात केला. कोल्हापूरची चटणी आहे, चेष्टा नव्हे. कौशिक बाहेर गुच्छ घेऊन उभा होता. लग्नानंतर व्हिसा यायला तीन महिने लागले, त्यामुळे आम्ही दोघंही गाडीत नव्या नवरानवरीसारखे गप्प बसलो होतो.

फ्लॅट छान आहे. दुसरा मजला, दोन बेडरूम, पांढरीशुभ्र फरशी. गॅलरीतून समुद्राची निळी पट्टी दिसते. हवा तर काय सांगू, आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे असते तशी, दिवसभर. कौशिक म्हणाला, हे लाड फेब्रुवारीपर्यंतच. उन्हाळ्यात म्हणे टाकीचं पाणी इतकं तापतं की घरातला गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणीच गार म्हणून अंगावर घ्यायचं!

समोरच्या रोझलिन आंटी वसईच्या. आल्या आल्या त्यांनी केकचा डबा दिला आणि ताकीदही दिली, की गॅलरीचा काचेचा दरवाजा सरकला की त्याची कडी आपली आपण पडते, तेव्हा बाहेर जाताना फटीत चप्पल अडकवायची. त्या स्वतः एकदा तासभर बाहेर अडकल्या होत्या.

आई म्हणायची, एकतिसाव्या वर्षी बिजवर मिळाला तरी नशीब समज. समजले. आता हे घर माझं.

रविवार, २४ नोव्हेंबर

इथे रविवार म्हणजे आपला सोमवार. कौशिक पहाटेच रुसैलच्या कारखान्यात जातो. केबल बनवतात तिथे. जायच्या आधी चहा घेताना तो मोबाइलवर हवामान बघतो. मला आधी कौतुक वाटलं, काय व्यवस्थित माणूस आहे! आज मागून डोकावले. मस्कतचं नव्हतंच ते. ढग, पाऊस, नऊ अंश. गाव: या-आन.

चीनमधलं गाव. कंपनीनं याला यंत्रांच्या कामासाठी दोन वर्षं तिथे पाठवलं होतं. पहिली बायको, रेवा, बरोबर होती. तिथल्या ओलीनं तिला न्युमोनिया झाला आणि हिवाळ्यात ती तिथेच गेली. अस्थी तिथल्याच नदीत. हे लग्नाआधी मला सांगितलं होतं, लपवाछपवी नाही. पण ते चार वाक्यांत सांगितलं होतं. आज गावाबद्दल विचारलं तर गडी थांबेचना. त्या गावाला म्हणे पावसाचंच गाव म्हणतात. वसंतात भुरभुर, चहाची कोवळी पानं खुडतात तेव्हा. उन्हाळ्यात रोज रात्री पाऊस, रात्रभर, आणि सकाळी बंद. शरदात थांबतच नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला घाम येतो. हिवाळ्यात बर्फ नाही, पण धुकं असं की नदीवरचा पूल अर्धाच दिसतो. बोलताना त्याचे डोळे ओले झाले होते. माझ्याशी तो इतकं कधी बोलला नव्हता.

खोटं कशाला लिहू, पोटात दुखलं माझ्या. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. आणि गाव सवत होऊन बसलं, तर त्याच्या झिंज्या कुठे धरायच्या?

रविवार, १ डिसेंबर

सासूबाईंनी निघताना डबी दिली होती. आत चांदीचा टाक. पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. सवतीचा टाक! दुसरीनं पहिलीला गळ्यात घालायचं, नवी साडी आधी तिला लावायची, पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा. म्हणजे ती रागवत नाही. सासूबाई गुहागरच्या, जुन्या वळणाच्या. बजावलं होतं त्यांनी, अंगावर ठेव, अंतर देऊ नकोस, आणि तिचं वेगळं पान कधी मांडू नकोस. गळ्यातली गळ्यातच राहू दे.

आज घालून बघितला. आरशात माझं मंगळसूत्र, आजीची ठुशी आणि त्यांच्या वर तीच. काढून टाकला. नवरा तिच्या गावचा पाऊस बघणार आणि मी तिला छातीवर मिरवायचं? माझी पण काही हौस आहे की नाही?

फेकून द्यायचा धीर झाला नाही. म्हणून दुसऱ्या बेडरूमच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवला. पुढे बशीत भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर गूळ. घे बाई, तुला वेगळी खोली दिली. तू तिकडे, मी इकडे.

मंगळवार, १४ जानेवारी २०१४

संक्रांत. रोझलिन आंटींना तिळगूळ दिला. त्या खोलीत वाणाचं सामान आणायला गेले तर आत गारठा. खिडकीच्या काचेवर आतून धुकं. बाहेर चक्क ऊन.

बिल्डिंगची दुरुस्ती बघणाऱ्या अहमदला एसी बघायला बोलावलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, मॅडम, ये तो बंद है, मेन स्विचसे बंद. मग हात चोळत बाहेर जाऊन उभा राहिला. बरीच मशिनं उघडणारा माणूस, पण या खोलीत थांबला नाही. यल्ला, खलास म्हणून गेला.

कौशिक मात्र संध्याकाळी त्या दारात बराच वेळ उभा होता. वास घेत होता. मग फोन काढून म्हणाला, आज तिकडे धुकं आहे.

रविवार, ९ मार्च

मीही हट्टाला पेटले. तिच्या गावचं हवामान माझ्या फोनवर घेतलं. रोज तो उठायच्या आधी बघते आणि चहाबरोबर सांगते. आज भुरभुर आहे हं. आज चौदा अंश, पानं खुडायला निघाल्या असतील बाया. कौशिक असा खुलतो! आज त्यानं माझा हात धरला. सासूबाईंना फोनवर सांगितलं की प्रियांका आता या-आनचीच झालीय.

जिंकले असं वाटलं. मग दुपारभर रडू येत राहिलं, कारण हात माझा धरला होता पण बघत तो त्या खोलीकडे होता.

तिथे ठेवलेले आईचे पापड आणि कुरडया काळ्या पडल्या. बुरशी! मस्कतमध्ये, जिथे ओला टॉवेल चहा होईतो कडक होतो. बशीतला तुकडा मात्र रोज संपलेला असतो. मुंग्या असतील. पण बशी पुसलेली कशी असते?

रविवार, २० एप्रिल

बाहेर चाळीसच्या वर. कौशिक कामावरून येतो, बूट काढतो आणि सरळ त्या खोलीत. तिथे गार वाटतं म्हणे. खुर्ची नेली, मग दुसरी खुर्ची नेली. मी विचारलं दुसरी कशाला, तर म्हणाला तू येशील ना बसायला. मला हाक मात्र मारली नाही.

चहाचे दोन कप आत गेले. दोन्ही रिकामे आले. मी माझा ओट्याशी उभ्यानं प्याले. कप विसळताना एकावर कुंकवाचं बोट दिसलं. माझी तर टिकली असते.

सांगायला कुणी नाही. आंटींना सांगितलं तर त्या क्रूसाची खूण करतात आणि मुलांच्या परीक्षांचं बोलतात. आणि खरं सांगू, भीतीपेक्षा रागच जास्त येतो. माझ्या घरात, माझ्या कपात, माझ्या नवऱ्याबरोबर!

रविवार, १८ मे

आता तिकडे उन्हाळा, म्हणजे रात्रीचा पाऊस. ते गाव आपल्या चार तास पुढे आहे. तिथे अंधारलं की इथे चार वाजलेले असतात, लख्ख ऊन. आणि चार वाजले की खोलीच्या बंद दारामागे सर येते. पत्र्यावरची नाही, पानांवरची. हलकी, एकसारखी.

मी दाराला कान लावून उभी राहते. फरशीवर थेंब नाही. तो बाहेर येतो तेव्हा केस भिजलेले असतात. आणि खूश असतो. लग्नात होता त्यापेक्षाही.

काल ताट वाढल्यावर म्हणाला, रेवा, मीठ दे. मी मीठ दिलं. त्याच्या लक्षातही आलं नाही.

मंगळवार, ३ जून

सासूबाईंना फोन केला. सगळं ओकले. त्यांनी एवढंच विचारलं, पान मांडलंस? मी हो म्हटलं. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, पोरी, गळ्यात असती तर पाहुणी राहिली असती. पान मांडलंस, खोली दिलीस. घर दिलंस तू तिला. घरात दोघींतली एकच गळ्याबाहेर राहते गं, दुसरीला टाकात जावं लागतं. आत्ताच्या आत्ता जा, बशी उचल, टाक गळ्यात घाल, पाया पड.

गेले. दार उघडेना. आपल्याकडे पावसाळ्यात फुगतं तसं फुगलंय. खांदा लावला. आतून काही नाही. फक्त पाऊस.

रविवार, ८ जून

कौशिकनं दार एका बोटानं उघडलं.

मी त्याच्या मागून घुसले. कपाट उघडलं. बशी आहे. टाक नाही. त्याला विचारलं, ओरडूनच विचारलं. तो माझ्याकडे बघत होता, पण माझ्या मागच्या भिंतीकडे बघावं तसं.

माझ्या साड्या ओल्या आहेत. सगळ्या. नेसून वाळत घातल्यासारख्या.

मंगळवार, १० जून

घरभर गारवा. एसी बंद आहेत. बोटं आखडतात. भाकरी थापता येईना. आंटी सुट्टीला वसईला गेल्या. अहमद बेल वाजवून गेला, मी दार उघडलं तर म्हणाला कोई है? मी समोर उभी —

आईला फोन लागत नाही. कौशिकच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. मी तुझी बायको आहे म्हटलं. तो फोन बघत होता. तो माझा आहे. मी सोडायची नाही. तीही सोडत नाही.

गुरुवार, १२ जून

थंडी सोसेना म्हणून वही घेऊन गॅलरीत आले. उन्हात बसून शेकावं थोडं. चप्पल अडकवली होती फटीत, मला पक्कं आठवतंय.

कडी पडलीय.

चप्पल आत आहे. दाराशी, जोडीनं, नीट लावून ठेवलेली.

कठडा हाताला चिकटतो, इतका तापलाय. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. हाका मारल्या. घसा कोरडा. काचेवर मुठी मारल्या, काच आतून धुक्यानं पांढरी.

चार वाजले असणार. आत पाऊस सुरू झाला. पाणी. एवढं पाणी, आणि मला घोटभर —

कौशिकची गाडी आली. वर बघितलं नाही त्यानं.

आत हात फिरला काचेवरून. धुकं पुसलं. बांगड्या माझ्या आहेत. साडी माझी, लग्नातली. तो टेबलाशी बसलाय, ती वाढतेय. भाकरी. माझ्या चटणीचा डबा.

तिच्या गळ्यात काळा दोरा. टाक.

पत्र्यावरची बाई दिसतेय मला, ऊन पडलंय तिच्यावर. ठुशी आहे तिच्या गळ्यात. माझ्या आजीची ठुशी. मी —

तिनं पहिला घास बाजूला काढला. टाकाला लावला. वेगळं पान नाही मांडलं. ती माझ्यासारखी चुकायची नाही.

कौशिकनं फोन काढला. काचेजवळ आला. मला दिसतंय ते. ढग नाहीत. पिवळा सूर्य, सत्तेचाळीस अंश. मस्कत. मस्कतचं बघतोय तो. डोळे ओले आहेत त्याचे. माझ्यासाठी, माझ्यासाठी ओले आहेत, कौशिक, अरे मी गेले नाही, मी इथे आहे, काचेच्या इकडे, नुसती कडी —